हात भिंतीवर होता

१

धप्प असा आवाज आधी कानांवर आला, आणि पडलेलं माणूस आपणच आहोत हे पावलंबाईंना त्यानंतर कळलं. संगीताच्या दालनाकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या होत्या. त्यातली एकही पायाला लागली नाही, तिन्ही अंगाला लागल्या.

अंध मुलांच्या शाळेची ही नवी इमारत. मुलांचा वावर महिनाभरापासून सुरू झाला होता, पण उद्घाटन गुरुवारी, आणि आज सोमवार. पावलंबाई या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना चालायला शिकवत होत्या, आणि स्वतः जन्मापासून अंध होत्या. नाव मुलांनीच ठेवलेलं. आता हजेरीपटावरचं खरं नाव कुणी उच्चारलं तर त्या दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं समजून पुढे जात. गुरुवारी पाहुण्यांसमोर त्यांनी फाटकापासून संगीताच्या दालनापर्यंत एकटीने चालून दाखवायचं होतं, त्याची आज तालीम होती. शाळेच्या आवारात त्या काठी घेत नसत. तो त्यांचा तोरा होता.

बाकीचे तिघे कोपऱ्यापलीकडे, फाटकाशी थांबले होते. आवाज ऐकून तिघेही धावत आले. पुढे मुख्याध्यापक मोठे सर, त्यांच्यामागे इमारतीचे आर्किटेक्ट, आणि त्यांच्यामागे आर्किटेक्टची थोरली बहीण, जिला सगळी शाळा भावाचं ऐकून 'ताई'च म्हणत असे.

ती भिंत ताईंची होती. फाटकापासून दालनापर्यंत कमरेच्या उंचीवर भाजलेल्या मातीच्या टाइल्सचा पट्टा, आणि प्रत्येक टाइल बोटांनी वाचायची. जेवणघर आलं की पानं, मोरी आली की लाटा, आणि पायऱ्या यायच्या आत तीन जाड आडव्या कडा. बोटांना तिथे ठेच लागल्यासारखं व्हायचं आणि माणूस थांबायचं.

"बाई, उठू नका," मोठे सर म्हणाले. "मनगट सुजतंय. असं कसं झालं? तुम्ही तर डोळस माणसापेक्षा सरळ चालता."

"कोण जाणे."

"हात भिंतीवर होता ना?"

प्रश्न अगदी सहज आला होता, आणि त्याचं उत्तर द्यायला बाईंना एक श्वास जास्त लागला.

"होता," त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी दचकून श्वास आत ओढला.

हात भिंतीवर नव्हता. कोपरा वळल्यापासून बाईंनी त्या भिंतीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

२

मनगटाला प्लास्टर घालून बाई घरी पोचल्या, तोवर निर्णय झालाही होता. विश्वस्तांनी मोठ्या सरांना फोनवर सांगितलं होतं: इतकी सरावलेली बाई हात ठेवूनही पडत असेल, तर मुलांचं काय होईल? बुधवारी सकाळी दहाला सुताराने सगळ्या टाइल्सवर गुळगुळीत प्लायवूड ठोकायचं.

"बरं झालं म्हणायचं की वाईट?" बाईंची धाकटी बहीण चहा ढवळत म्हणाली. दोघी एकत्र राहत. धाकटीला दिसत होतं, त्यामुळे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं काम तिच्याकडे होतं. गेल्या आठवड्यात ताईंच्या भिंतीची बातमी तिनेच वाचून दाखवली होती: 'आता या मुलांना कुणाच्या हाताची गरज नाही, ही भिंतच त्यांना चालवील.'

ते वाक्य बाईंच्या घशात हाडासारखं अडकलं होतं. सव्वीस वर्षं मुलांचे घामेजलेले, चिकट हात त्यांनी धरले होते, आणि आता ते काम भिंत करणार होती! सरांनी 'हात होता ना' असं विचारलं तेव्हा जिभेवर जे आलं ते तिथूनच आलं होतं.

सहा वाजता दाराची कडी वाजली. ताई आल्या होत्या. त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा वास असे, आणि आज रागाने त्यांचा श्वासही मोठा झाला होता.

"बाई, मी आत्ता तिथूनच येतेय," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "टाइल जागेवर आहे. तीनदा हात फिरवला. तीन कडा, जशाच्या तशा. मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"लक्ष नसेल."

"तुमचं? लक्ष नाही?" ताई हसल्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "एक सांगा मला. कान गप्प आहेत म्हटल्यावर माणूस आपोआप हात पुढे करतं की नाही? जनावरसुद्धा करेल. मग तुमचा हात काय करत होता?"

बाईंनी प्लास्टरवरून दुसरा हात फिरवला.

"दोन वर्षं, आठशे टाइल्स," ताईंचा आवाज खाली आला. "कोनशिलेवर काय कोरलंय ठाऊक आहे? वर माझ्या भावाचं नाव, मोठ्या अक्षरात. खाली माझं, आणि माझ्यापुढे लिहिलंय 'सजावट'. सजावट! लग्नाच्या मांडवाला करतात ती. त्याला पेन्सिल धरायला मी शिकवलं, बाई. माझ्या मांडीवर बसून त्याने पहिलं घर काढलं होतं. त्या घराला दार नव्हतं."

त्या उठल्या, आणि दाराशी जाऊन थबकल्या.

"माझी भिंत चुकली नाही. चुकलंय ते दुसरंच काही तरी."

ताईंचा आवाज, बाईंच्या लक्षात आलं, रागाचा राहिला नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

३

बाईंना स्वतःला छळत होता तो प्रश्न निराळाच होता. हात भिंतीवर नव्हता हे खरं, पण त्या भिंतीच्या भरवशावर चालतच नव्हत्या. त्यांचा भरवसा होता फरशीवर.

ही आर्किटेक्टची करामत होती. सगळीकडे दगडी फरशी, पण पायऱ्यांच्या दोन पावलं आधी तितक्याच उंचीच्या लाकडी फळ्यांचा पट्टा, आणि त्या फळ्यांखाली पोकळी. दगडावर टक टक वाजणारं पाऊल तिथे आलं की 'ढब' वाजायचं. मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. भिंतीला हात न लावता ती धावत सुटायची आणि 'ढब' वाजलं की जागच्या जागी थांबून खिदळायची. बाईंनाही ती फरशी मनापासून आवडली होती, आणि हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

आज ती वाजली नव्हती. की वाजली, आणि आपल्यालाच ऐकू आली नाही?

रात्रभर त्या कुशीवर वळत राहिल्या. वय छप्पन्न, आणि त्यांच्या आईचे कान साठीत गेले होते. डोळे कधी नव्हतेच, त्याचं काही वाटत नसे, पण कान गेले तर मागे काय उरणार होतं? सकाळी त्यांनी घड्याळाची टिकटिक तीन खोल्यांतून ऐकून पाहिली. धाकटीला पलीकडच्या खोलीत नाणं टाकायला लावलं.

"कुठे पडलं?"

"पलंगाखाली. भिंतीकडच्या पायाशी."

"तुझ्या कानांना काही धाड भरलेली नाही," धाकटी पलंगाखाली वाकत म्हणाली. "आता हे नाणं तूच काढ."

मंगळवारी दहाला धाकटीने त्यांना शाळेत सोडलं. इमारतीत पायऱ्या दोनच ठिकाणी होत्या. एक संगीताच्या दालनाशी, दुसरं मागे मैदानाकडे. मागे सात पायऱ्या, आणि तिथली भिंत काचेची असल्यामुळे तिथे एकही टाइल नव्हती. बाई आधी तिकडे गेल्या. टक, टक, ढब. स्वच्छ वाजलं. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या तिथेच चार वेळा पुढेमागे चालल्या.

मग दालनाकडे आल्या. या वेळी कठड्याला धरून, जपून. टक, टक, आणि मग मठ्ठ, मेलेला आवाज. दगडासारखाच. पायात जाड तळाच्या चपला, त्यामुळे पायालाही फरक कळेना.

त्यांनी खाली बसून फळीवर बोटांची टिचकी मारली. कान शाबूत होते. मुकी झाली होती ती फळी.

४

सुतारमिस्त्री दालनाचं दार घासत होते. फरशीच्या फळ्या त्यांनीच बसवल्या होत्या, आणि उद्या प्लायवूडही तेच ठोकणार होते.

"मिस्त्री, ही फळी बसवल्यावर पुन्हा कधी उघडलीत?"

"कशाला उघडू? एकदा बसवली ती बसवली." मग ते जरा कुरकुरले, "मी आधीच साहेबांना म्हटलं होतं, पोकळ काम करू नका, उंदीर होतील. आमचं कोण ऐकतं."

बाईंची नखं फळीच्या कडेने फिरत होती. पितळी स्क्रू, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक खाच. पहिली आडवी, दुसरी तिरकी, तिसरी पुन्हा भलतीकडे.

"मागच्या पायऱ्यांशी तुमच्या सगळ्या खाचा एका रेषेत आहेत. इथे का नाहीत?"

मिस्त्री गुडघे मोडत खाली बसले. त्यांनी पाहिलं, आणि जणू कुणी शिवी दिली असं त्यांना झालं.

"हे माझं काम नाही! खाच फळीच्या लांबीला सरळ हवी, ही आमच्या बापाची शिस्त. एक वाकडी राहिली तर डोक्यात टपली बसायची. कुणी केलं हे घाणेरडं काम?"

त्यांनी स्क्रू काढले, फळी उचलली. मग त्यांनी बाईंचा चांगला हात धरून आत नेला. गोणपाट! पोकळीत गच्च भरलेलं, घडी नीट घातलेली, कोपरे दाबून बसवलेले. त्याला मातीचा वास येत होता.

"टाइल्स याच गोणपाटात गुंडाळून आल्या होत्या," मिस्त्री म्हणाले. "मागे ढीग पडलाय. कुणीही उचलावं."

"शनिवारी फळी वाजत होती. मी स्वतः चालले होते. रविवारी इथे कोण होतं?"

"मी होतो, मागची दारं बसवत. साहेब आले होते फोटोवाल्याला घेऊन, तासभर होते. ताई टाइल्सना तेल पुसायला आल्या, त्या संध्याकाळपर्यंत. हत्यारांची पेटी माझी उघडीच असते."

"काढू नका ते. फळी होती तशी बसवा, आणि उद्यापर्यंत तोंडाला कुलूप."

आर्किटेक्ट इमारतीतल्या एका रिकाम्या वर्गात नकाशांच्या गुंडाळ्या बांधत होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलण्यात मार्दव होतं.

"फार लागलं का? मला रात्री झोप नाही आली."

"उद्या प्लायवूड लागेल. तुम्हाला वाईट वाटतंय?"

कागदाची सळसळ थांबली.

"वाटायला हवं ना? ताईची दोन वर्षं आहेत ती." त्यांनी गुंडाळी बाजूला ठेवली. "खरं सांगू, बाई? तो पेपर आला त्या दिवशी मी तो फाडला. पहिल्या पानावर भिंतीचा फोटो, आणि इमारतीचा कुठेच नाही. जणू ती भिंत हवेत उभी आहे. माझा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात. काय म्हणून? 'त्यांचे धाकटे बंधू'. वयाची पंचेचाळीस वर्षं झाली तरी मी धाकटे बंधू. आम्ही दोघं लहानपणापासून एकत्र काम करतो आणि लोक लहानपणापासून म्हणतात, हात तिचा चांगला आहे."

"मग काल मी पडले तेव्हा..."

"तेव्हा पहिला विचार काय आला, तो नका विचारू," ते म्हणाले. "निदान फरशीला तरी कुणी नावं ठेवली नाहीत, हा आला."

बाई उठल्या. आत शिरताना त्यांच्याकडे नुसता संशय होता. आता कारणही हाती आलं होतं.

५

"झालं की मग!" सगळं ऐकून धाकटी म्हणाली. "भावानेच केलंय. स्वतःची फळी मुकी केली, तू पडलीस, बोल लागला बहिणीच्या भिंतीला. उद्या भिंत झाकली जाईल. फायदा कुणाचा? त्याचाच. तू फोन कर सरांना."

बाईंनी फोन उचललासुद्धा. आकडे दाबता दाबता त्यांचं बोट थांबलं.

"बोल भिंतीला लागला तो फळीमुळे नाही गं."

"मग कशामुळे?"

"माझ्यामुळे." बाईंनी फोन खाली ठेवला. "हात भिंतीवर नव्हता. मी खोटं बोलले."

धाकटीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. 

"का गं?" ती म्हणाली.

"जळत होते म्हणून. दुसरं काय?" एकदा ते शब्द बाहेर पडल्यावर बाईंना विचार करायला डोकं मोकळं झालं. "आता ऐक. फळी भरणाऱ्याला मी खोटं बोलणार हे माहीत असायचं काही कारण नाही. तेव्हा माझं खोटं बाजूला काढ आणि बघ काय उरतं. मी हात भिंतीवर ठेवून चालले असते तर? फळी वाजली नसती, पण टाइलने थांबवलं असतं. सगळे म्हणाले असते, फरशी फसली आणि भिंतीने वाचवलं. आणि मी हात न ठेवता चालून पडले असते, आणि खरं बोलले असते तर?"

"तर म्हणाले असते, फरशी फसली," धाकटी हळूच म्हणाली. "भिंतीला हात लावला असता तर वाचल्या असत्या."

"दोन्हीकडून बोल फरशीलाच. भाऊ स्वतःच्या फरशीला कशाला बदनाम करील? मिस्त्रींनी केलं असतं तर खाचा सरळ असत्या, तो माणूस झोपेतही स्क्रू वाकडा बसवणार नाही. आणि मुलांचं वाईट करायचं असतं तर मागच्या सात पायऱ्या होत्या, तिथे टाइलच नाही. पण तिथल्या फळीला कुणी हात लावलेला नाही. जिने केलं तिने अशी जागा निवडली, जिथे भिंत माणसाला नक्की थांबवील. तिचा भिंतीवर इतका विश्वास होता."

"'तिने' म्हणालीस तू."

"सोमवारी ती इथे, याच खुर्चीत बसून मला म्हणाली, कान गप्प आहेत म्हटल्यावर माणूस हात पुढे करतं. फळी वाजली नाही हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. माझे कान गप्प होते हे तिला कुणी सांगितलं?"

धाकटीने एक सुस्कारा सोडला. "आता उद्या हे सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे आधी माझं सांगावं लागेल," बाई म्हणाल्या.

६

बुधवारी दहाला मिस्त्रींनी पहिलं प्लायवूड भिंतीला टेकवलं, तेव्हा बाईंनी ते काठीने अडवलं. काठी त्यांनी मुद्दाम आणली होती. मोठे सर, आर्किटेक्ट, ताई, सगळे तिथे होते.

"सर, सोमवारी माझा हात भिंतीवर नव्हता."

मिस्त्रींनी प्लायवूड खाली टेकवलं.

"मी खोटं बोलले. या भिंतीचा मला हेवा वाटत होता, म्हणून बोलले. माझं काम ती घेणार असं वाटलं. भिंत बरोबर आहे. मिस्त्री, आता ती फळी उघडा."

स्क्रू एकेक करून निघाले. गोणपाट बाहेर आलं तेव्हा आर्किटेक्टच्या तोंडून नुसता 'अरे' निघाला. बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं: खाचांचं, मागच्या पायऱ्यांचं, आपलं खोटं काढून टाकल्यावर काय उरतं त्याचं. कान गप्प असण्याचं वाक्य त्यांनी शेवटी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी ताईंच्या दिशेला तोंड केलं नाही.

"ताई?" आर्किटेक्ट म्हणाले.

ताईंना नाकारायला वाव होता. गोणपाटावर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. टाइल्सवरून कापड घासत खाली गेल्याचं बाईंना ऐकू आलं.

"एकदाच," त्या म्हणाल्या. "तालमीपुरतंच. संध्याकाळी काढणार होते. पण परवा सर इथून हलेनात, काल मिस्त्री दिवसभर इथेच, आणि मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही." त्यांनी नाक ओढलं. "महिनाभर मी इथे बसून पाहिलं रे. एकही मूल भिंतीला हात लावीना. सगळी तुझ्या फरशीवर नाचतात. वाटलं, एकदा ती गप्प बसू दे. एकदा तरी माझी भिंत कुणाला थांबवू दे, आणि तू ते बघ. बाई भिंतीला धरूनच चालतील याची मला खात्री होती. बाई पडतील हे... बाई, देवाशपथ, डोक्यातही आलं नव्हतं."

"मनगटावर भागलं म्हणून," मोठे सर कोरड्या आवाजात म्हणाले. "मूल असतं तर? ताई, उद्या तुम्ही व्यासपीठावर नसाल. आणि बाई, उद्या तुम्ही चालून दाखवायचं नाही. ज्यांच्या शब्दावर आम्ही भिंत झाकायला निघालो, त्यांना मी पाहुण्यांपुढे उभं करू शकत नाही."

"बरोबर आहे, सर," बाई म्हणाल्या. बरोबर होतं, तरी ते लागायचं तिथे लागलंच.

"प्लायवूड परत न्या, मिस्त्री. मुलांना काय झालं ते मी स्वतः सांगतो." सरांची पावलं दूर गेली, आणि त्यांच्यामागे पत्र्यासारखं थरथरत प्लायवूड गेलं.

राहिले तिघं. आर्किटेक्ट येरझारा घालत होते. दगडावर चार पावलं, वळण, चार पावलं. बाईंना वाटलं, हा माणूस आता निघून जाईल आणि बहिणीचं तोंड वर्षानुवर्षं पाहणार नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पावलं ऐकली होती, आणि ही पावलं दाराकडची होती.

पावलं दाराशी थांबली.

"मी काढलेल्या पहिल्या घराला दार नव्हतं, हे तू सगळ्यांना सांगत फिरतेस," ते म्हणाले. "मला एकदा तरी विचारायचंस, का नव्हतं ते."



ते परत आले. गुडघ्यावर बसून त्यांनी पोकळीत उरलेला गोणपाटाचा तुकडा ओढून काढला, दूर भिरकावला आणि फळी जागेवर आडवी टाकली. एका टोकाने ती उचलली जात होती. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला.

"ताई," ते चिडून म्हणाले, "नुसती बसू नकोस. ते टोक धर. हलतंय."